माशांचे माहेर



मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून ओढ्याला गढूळ पाणी आले, की गावातली पोरे टोपल्या आणि जुने पंचे घेऊन ओढ्याकडे पळतात. तुम्हीही लहानपणी पळाला असाल. पाणी खाली येत असते आणि मासे त्याच पाण्यातून वर चढत असतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो, कोकणात वलगणीचे मासे म्हणतात. त्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते. अंडी घालायला जागा शोधत ते निघालेले असतात.

आता मला सांगा, ओढ्यातला मासा अंडी घालायला एवढी धडपड करतो, मग शेततळ्यात आयते खाणारा रोहू तिथेच अंडी का घालत नाही? दरवर्षी नवे बीज विकत का आणावे लागते? हा प्रश्न मला पडला तो पुस्तक वाचून नव्हे, एका घरचे नुकसान पाहून. त्या नुकसानीत माझाही हात होता, म्हणून आधी तेच सांगतो.

मी कृषी पदवीधर. तीस वर्षे सोलापूर भागात ज्वारी, तूर, कांदा, डाळिंब यांच्या सल्ल्यात गेली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि गावोगाव तळी झाली. डाळिंबाला पाणी हा मूळ हेतू. पाणी आहे तर मासेही सोडू, असे पुष्कळांनी ठरवले. आमच्या तालुक्यातल्या एका घरी तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद असे तळे आहे. घरधन्याला आम्ही सगळे आप्पा म्हणतो. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांच्या दारात बीजवाला टेम्पो आला. मी योगायोगाने तिथेच होतो. “साहेब, तुम्ही बघा आणि सांगा,” असे वहिनी म्हणाल्या. मी प्लॅस्टिकच्या पिशवीकडे वरवर पाहिले, आत चुळबुळ दिसली, आणि मान डोलावली.

पुढच्या फेब्रुवारीत जाळे ओढले तेव्हा रोहू-कटला मोजकेच निघाले. बाकी सगळी बोटभर लांबीची, वाढ खुंटलेली आणि भलत्याच जातींची मासळी. खाद्याचे पैसेही निघाले नाहीत. त्या पैशांवर मुलीच्या नर्सिंगच्या फीचा हिशेब बसवला होता. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत, चहा दिला. तो चहा मला फार कडू लागला. ‘बियाणे पारखून घ्या, पिशवीवरचे लेबल वाचा’ असे मी तीस वर्षे सभांतून सांगत आलो. माशालाही बियाणे असते आणि तेही पारखावे लागते, एवढे साधे मला सुचले नव्हते.

तेव्हा ठरवले, की हे बीज कुठे आणि कसे तयार होते ते स्वतः पाहायचे. आम्ही अकरा जण तयार झालो, त्यात आप्पा आणि वहिनीही. २०२२ साली आषाढी एकादशी १० जुलैला होती. एकादशी झाली, गुरुपौर्णिमा झाली, पेरण्याही उरकल्या होत्या. १४ जुलैच्या रात्री सोलापूरला कोणार्क एक्सप्रेसमध्ये बसलो.

गोदावरीच्या पुलावर

दुसरा सगळा दिवस गाडी तेलंगण आणि आंध्रातून जाते. विजयवाडा मागे पडल्यावर एलुरूच्या आसपास खिडकीतून पाहा. भाताच्या खाचरांशेजारी तळीच तळी दिसतात. आपल्या बाजारात बर्फाच्या पेटीतून येणारा रोहू-कटला बराचसा याच मुलखातला. आपल्याकडे तळे हा शेतीचा जोडधंदा. इथे तळे हेच शेत.

राजमहेंद्रीला गोदावरीचा पूल लागला आणि डबा एकदम शांत झाला. त्या आठवड्यात गोदावरीला फार मोठा पूर होता. नाशिक-पैठणला आपण पाहतो ती गोदा इथे समुद्रासारखी पसरलेली, तांबडी, ओंडके वाहून नेणारी. आप्पांनी हात जोडले. मी मनात म्हटले, रोहू, कटला, मृगळ हे मोठ्या नद्यांचे मासे याच पाण्याची वर्षभर वाट पाहत असतात. पूर आला, पाणी काठावरच्या उथळ कुरणात पसरले, की तिथे नर-मादी जमतात आणि अंडी पडतात. तळ्यात हे काहीच नसते. पाणी असते, पण त्याला ना ओढ, ना पूर.

वहिनींना मी हे समजावून सांगत होतो. त्या ऐकून म्हणाल्या, “म्हंजे साहेब, नदी त्यांचं म्हायेर. पहिलटकरीण सासरी कशी मोकळी होईल?” सगळा डबा हसला. पण शास्त्रज्ञांनाही जे सांगायला दोन पाने लागतात, ते वहिनींनी दोन वाक्यांत सांगितले होते.

पूर्वी बीज कुठून यायचे?

तिसऱ्या दिवशी पहाटे भुवनेश्वरला उतरलो. शहराबाहेर कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. बांधांनी आखलेली शेकडो तळी पाहताना आपल्या कृषी विद्यापीठातल्या प्रयोगाच्या वाफ्यांची आठवण होते. या संस्थेचे मूळ जवळच्या कटक शहरात. तिथे १९४९ साली तळ्यातील मत्स्यशेतीचे लहानसे संशोधन केंद्र निघाले होते. म्हणून आम्ही कटकलाही गेलो. एका बाजूला महानदी, दुसऱ्या बाजूला काठजोडी, आणि मधल्या पट्टीवर शहर वसलेले. काठाला दगडी बांध घातलेला आहे. त्यावर उभे राहिले म्हणजे जुनी गोष्ट चटकन समजते.

त्या काळी तळ्यात सोडायचे बीज नदीतूनच धरावे लागे. पुराच्या दिवसांत मच्छीमार काठाशी गाळणीसारखी निमुळती जाळी लावून बसत आणि वाहत येणारी इवलीशी पिले गोळा करत. बंगालात हा मोठा धंदा होता. पिले हंड्यांत भरून रेल्वेने लांब लांब जात. हंडीतल्या पिलांना हवा मिळावी म्हणून सोबतचा माणूस हाताने पाणी हलवत राही. त्यात दोन मोठ्या अडचणी. एक म्हणजे पूर आला नाही तर बीज नाही. दुसरी अडचण त्याहून वाईट. नदीतून धरलेल्या पिलांत रोहू किती, फालतू मासे किती, आणि दुसऱ्यांना गिळणारे मासे किती, हे कोणालाच सांगता येत नसे. सहा महिने खाद्य घालावे तेव्हा कळे, की आपण घरात चोर पोसला.

वाचकहो, आप्पांच्या तळ्यात झाले ते यापेक्षा वेगळे नव्हते. सत्तर वर्षांपूर्वीची अडचण माझ्या दुर्लक्षाने त्यांच्या दारात परत आली होती.

हिरालाल चौधरींचे काम

ही अडचण ज्यांनी सोडवली त्यांचे नाव डॉ. हिरालाल चौधरी. जन्म १९२१ चा, आज बांगलादेशात असलेल्या सिल्हेट भागातला. कलकत्त्याजवळ बराकपूरला १९४७ साली केंद्रीय मत्स्य संशोधन केंद्र निघाले, तिथल्या सुरुवातीच्या काळातील शास्त्रज्ञांपैकी ते एक. अमेरिकेतील ऑबर्न येथे जाऊन त्यांनी मत्स्यशेतीचे पुढचे शिक्षण घेतले.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता. तळ्यातल्या मादीच्या पोटात अंडी तयार होतात. पोट फुगते. म्हणजे खाण्यात उणे नाही, वाढीत उणे नाही. मग अंडी बाहेर का पडत नाहीत? काही दिवसांनी ती पोटातच जिरून का जातात?

उत्तर माशाच्या डोक्यात होते. मेंदूच्या खालच्या बाजूला बाजरीच्या दाण्यासारखी एक ग्रंथी असते, तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. नदीला पूर आला, पाणी गार झाले, प्रवाह अंगाला लागला, की ही ग्रंथी रक्तात एक रस सोडते. तो रस अंड्यांपर्यंत पोचला, की अंडी पक्व होऊन सुटतात. तळ्यात पुराचा निरोपच येत नाही, म्हणून ग्रंथी गप्प बसते. मग दुसऱ्या पक्व माशाच्या डोक्यातली ग्रंथी काढून, वाटून, तिचा रस या मादीला टोचला तर?

ही कल्पना अगदी नवी नव्हती. ब्राझीलमध्ये १९३० नंतरच्या दशकात असे प्रयोग झाले होते. आपल्या देशातही १९३७ च्या सुमारास लाहोरकडे मृगळावर प्रयत्न झाला होता. पण रोहू, कटला, मृगळ यांच्यासाठी शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल अशी रीत काही बसत नव्हती. ग्रंथी कोणत्या माशाची घ्यावी, कधी काढावी, किती मात्रा द्यावी, किती तासांनी पुन्हा द्यावी, हे सगळे एकेक करून पाहावे लागणार होते. आणि पाहायला वर्षातून एकच हंगाम मिळतो. पावसाळा गेला की पुढच्या आषाढापर्यंत थांबा. पेरणी चुकल्यावर काय वाटते ते तुम्हांला सांगायला नको.

चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलिकुन्ही यांना १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे यश आले. आपल्या देशी मोठ्या कार्प माशांनी टोचणीनंतर बांधलेल्या पाण्यात अंडी घातली, आणि अंड्यांतून पिले निघाली. म्हणून २००१ पासून १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. २०२२ साली आमची एकादशी नेमकी त्याच दिवशी आली होती. आमच्यातले एक माळकरी म्हणाले, “मी खात नाही, पण पोराचा धंदा आहे. पांडुरंगानेच तारीख जुळवली म्हणायची.”

रात्रभर जागलो

कटकपासून काही अंतरावर एका शेतकरी कुटुंबाची हॅचरी आहे. बाप आणि दोन मुलगे मिळून चालवतात. त्यांनी आम्हांला रात्रभर थांबू दिले. मोडक्या हिंदीत ते बोलले, मोडक्या हिंदीत आम्ही ऐकले.

संध्याकाळी त्यांनी प्रजनक मासे निवडले, म्हणजे बीज घेण्यासाठी राखलेले थोरले मासे. निवड कशी करायची ते धाकट्या मुलाने दाखवले. मादीचे पोट मऊ आणि फुगीर लागते. नराच्या छातीजवळचा पर खरखरीत लागतो आणि पोट हलके दाबले की दुधासारखा पांढरा थेंब येतो. वहिनींनी हात लावून पाहिला. म्हणाल्या, “गाभण शेळीची कूस बघावी तसंच हाय की!”

पूर्वी मादीला ग्रंथीच्या रसाची मात्रा दोनदा द्यावी लागे. आधी वजनाच्या दर किलोला दोन-तीन मिलिग्रॅम, सुमारे सहा तासांनी पाच ते आठ मिलिग्रॅम. आणि त्या दुसऱ्या वेळी नराला एकच हलकी मात्रा. ग्रंथी जमवण्यासाठी मासळीबाजारातून डोकी आणावी लागत. आता तयार औषध कुपीत मिळते, आणि ते एकदाच टोचले की पुरते. औषध बदलले, पण कल्पना चौधरींचीच. सात वाजता टोचण्या झाल्या आणि मासे गोल टाकीत सोडले. या टाकीला चिनी हॅचरी म्हणतात. कडेच्या तोट्यांतून पाणी तिरके सोडतात, त्यामुळे टाकीतले पाणी गरगर फिरत राहते. वरून फवारे उडतात. म्हणजे टोचणीने माशाच्या रक्तात पुराचा निरोप पोचवायचा, आणि टाकीत प्रवाह आणि पाऊसही आणून ठेवायचा. अख्खी नदीच टाकीत आणली म्हणा.

मध्यरात्रीपर्यंत काही झाले नाही. बाहेर खरा पाऊस लागला होता. आप्पा पेंगत होते. पहाटे चारच्या सुमारास पाण्यात खळबळ सुरू झाली. नर मादीचा पाठलाग करू लागले, पाणी उसळू लागले. थोड्या वेळाने थोरल्या मुलाने बारीक जाळी पाण्यातून फिरवून आमच्यापुढे धरली. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी स्वच्छ, टपोरी अंडी! एका मादीच्या दर किलो वजनामागे लाखाहून जास्त अंडी पडतात. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी डोक्यावरचा पदर सावरला, आणि घरात बाळंतीण सुटल्यावर बाया म्हणतात तशा हळूच म्हणाल्या, “सुटली बाई.”

ही अंडी दुसऱ्या टाकीत जातात. पंधरा ते अठरा तासांत पिले निघतात. पहिले तीन दिवस ती पोटाशी असलेल्या बलकावर जगतात. मग विक्रीला तयार होतात, त्यांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण दिसतात खरोखर जिऱ्यासारखी. संवर्धन तळ्यात पंधरा-वीस दिवसांत त्यांचे सुमारे इंचभर मत्स्यबीज होते, आणि पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी बोटुकली.

हॅचरीच्या मालकाने निघताना एक गोष्ट सांगितली ती सर्वांत मोलाची. टोचणी आता कोणालाही येते, ते म्हणाले, पण नर-मादी कोणते घेता यावर सगळे आहे. आपल्याच हॅचरीतली भावंडे पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी लावली तर बीज रोडावते. एकाच टाकीत वेगवेगळ्या जाती मिसळल्या तर संकर होतो आणि बीज ना धड रोहू, ना धड कटला. म्हणून ते बाहेरून नवे प्रजनक आणतात. संशोधन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या मदतीने निवड पद्धतीने ‘जयंती’ नावाचा जलद वाढणारा रोहू तयार केला आणि १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, शेतकऱ्यांना दिला. तो याच विचारातून आला.

अंगुल

शेवटच्या दिवशी ढेंकानालवरून अंगुलला गेलो. वाटेत साल वृक्षांची रांग, भाताची लावणी, आणि मधूनमधून तालचेरच्या खाणीचे कोळशाचे ट्रक. आज अंगुल म्हटले की लोकांना कोळसा आणि ॲल्युमिनियमचा कारखाना आठवतो. आम्ही स्मारक पाहायला गेलो नव्हतो. रस्त्याकडेच्या एका गावतळ्याशी थांबलो. एक म्हातारा फेकजाळे टाकत होता. जाळ्यात दोन रोहू आले. हे बीज नदीतून आणता का, असे मी विचारले तेव्हा तो हसला. नदीतून कशाला, म्हणाला, हॅचरीतून.

त्याला हिरालाल चौधरींचे नाव ठाऊक होते की नाही, मी विचारले नाही. आज देशातल्या कार्प माशांचे बहुतेक सगळे बीज हॅचरीतून येते. एखादे काम इतके घरोघरी पोचते, की ते कोणी केले हे विचारायची गरज उरत नाही. चौधरींनी पुढे इतर देशांतही मत्स्यशेतीचे काम केले. २०१४ साली ते वारले.

तुम्ही काय पाहावे

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. माझ्यासारखी मान डोलावू नका.

बीज दारावर आलेल्या टेम्पोतून न घेता, माहितीच्या केंद्रावर जाऊन घ्या. प्रजनक मासे कुठले, हे विचारा. आपल्याकडे बऱ्याच तळ्यांत पाणी सहा-आठ महिनेच टिकते. त्यात जिरे सोडून काही हाती लागत नाही. तीन-चार इंची बोटुकलीच सोडा. एकरभर पाण्याला दोन ते अडीच हजार पुरेत; दाटी केली तर वाढ होत नाही. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचे. म्हणून तिन्ही मिळून सोडा. कटल्याचे डोके मोठे, तोंड वर वळलेले. मृगळ सडपातळ, चंदेरी. पिशवी आणल्यावर लगेच ओतू नका. पंधरा-वीस मिनिटे बंद पिशवी तळ्यात तरंगू द्या, दोन्हीकडचे पाणी सारखे होऊ द्या.

आणि पारख अशी. घमेल्यात पाणी घ्या, थोडी पिले सोडा, हाताने पाणी गोल फिरवा. निरोगी पिले प्रवाहाच्या उलट पोहतात. अशक्त पिले मधोमध गोळा होतात.

आणखी एक विनंती. ओढ्यातल्या चढणीच्या माशांसाठी हॅचरी कोणी काढलेली नाही. त्यांचे माहेर तो ओढाच. पहिल्या पुरात त्यांची वाट अडवू नका.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आप्पांच्या तळ्यात पुन्हा बीज सोडले. वहिनींनी अंगणातले घमेले आणले, पाणी भरले, बाही वर केली. मी पुढे वाकलो तशा म्हणाल्या, “साहेब, यंदा तुम्ही बसा. मी बघते.” पाच पिशव्यांतल्या दोन त्यांनी परत केल्या. मग मला चहा दिला. या वेळी तो गोड लागला.